किनाऱ्यावरून आणलेली जुनी आउटबोर्ड मोटर: उघडताना आणि जोडताना गंज कसा रोखायचा

मराठवाड्यात पूर-बचावाच्या बोटीसाठी किंवा धरणातल्या मासेमारीसाठी जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन, घेतली, की ती बहुधा कोकणाकडची असते. दहा-पंधरा वर्षं समुद्रात चाललेली, स्वस्तात मिळालेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणली तर बघायला ठीक वाटते. वरवर घासून, रंग मारून जोडून टाकतात. मग ऑगस्टमध्ये रंगाला फोड येतात, फोड खरवडला तर खालून पांढरी भुकटी निघते, आणि सगळे रंगाच्या डब्याला दोष देतात.

रंगाचा त्यात फारसा दोष नसतो. आत राहिलेलं मीठ हे काम करतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याच्या निम्म्या आर्द्रतेतही ओलं होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारची हवा कोरडीठाक, त्यामुळं मीठ फटींमध्ये गप्प पडून राहतं. जूनमध्ये हवा बदलली की तेच मीठ ओलं होऊन ॲल्युमिनियम खायला लागतं. मोटर पाण्यात उतरवली नाही, शेडमध्येच ठेवली, तरीही.

म्हणून कामाचा क्रम हा ठेवा: आधी मीठ पूर्ण काढा, मग वेगवेगळे धातू एकमेकांना थेट भिडणार नाहीत असं बघा, तुमच्या पाण्याला चालणारा ॲनोड, म्हणजे मोटरीऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, लावा. रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला तर खर्च दोनदा होतो.

उघडण्याआधी

मोटरीचं बहुतेक अंग ॲल्युमिनियमच्या ओतकामाचं असतं आणि बोल्ट स्टेनलेसचे. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, एवढ्यावर छोटी बॅटरी तयार होते. या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. स्टेनलेसचा बोल्ट चकचकीत राहतो. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून ती बोल्टभोवती दाबून बसते आणि बोल्ट जॅम होतो. जॅम बोल्ट दिसला की आजूबाजूचे आटे अर्धे खाल्लेले आहेत असं धरूनच हात घाला.

पेट्रोलची टाकी, नळी आणि फिल्टर आधी काढून लांब ठेवा. पुढं उष्णता लावायची आहे. प्रत्येक बाजूचे फोटो घ्या, बोल्ट जागेच्या नावानं वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. लांबीत ५ मिलिमीटरचा फरक असलेला बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर तळाला टेकून ओतकाम फोडतो.

बोल्ट सोडवणं

या सगळ्या कामात घाईची शिक्षा सगळ्यात जास्त इथं मिळते. सर्वाधिक तुटतात ते ६ मिलिमीटरचे बोल्ट: वॉटर पंपाच्या हाउसिंगचे, थर्मोस्टॅट कव्हरचे, एक्झॉस्ट कव्हरचे.

आदल्या दिवशी बोल्टच्या डोक्याभोवतीची भुकटी पितळी नव्हे, स्टेनलेसच्या छोट्या ब्रशनं काढा आणि भेदक तेल सोडा. डब्ल्यूडी-४० चालतं, पण ॲसिटोन आणि गाडीचं ॲटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल समप्रमाणात मिसळलेलं मिश्रण फटीत जास्त खोल जातं. ही दोन्ही एकमेकांत नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवायची. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन थेंब, किमान एक पूर्ण दिवस. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा उष्णता लावण्याआधी ते पूर्ण उडून जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी हॉट एअर गननं उष्णता द्या. ती बोल्टला द्यायची नाही, बोल्टभोवतीच्या ॲल्युमिनियमला द्यायची. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टेनलेसच्या सव्वा ते दीड पट आणि साध्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळं भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्रकन उडाला की एवढं तापणं पुरे. गॅस कटरची ज्योत वापरू नका. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, म्हणून डोळ्याला इशारा मिळत नाही आणि अचानक कोपरा ढासळतो.

आता बरोबर मापाचा सहा कोनी सॉकेट घाला, डोक्यावर हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या आणि प्रथम थोडा *घट्ट* करून बघा. किंचित हलला की सोडायच्या दिशेनं पाव आटा, परत मागं, परत तेल. आवाज आणि हाताला येणारा ताण यांच्याकडं लक्ष ठेवा. कुरकुरत, अडखळत फिरणारा बोल्ट निघायच्या वाटेवर असतो. पाना मऊ, स्प्रिंगसारखा फिरायला लागला आणि डोकं फिरतंय पण बोल्ट वर येत नाही, तर बोल्ट पिळतोय. तिथंच थांबा, परत उष्णता द्या.

तुटलाच तर इझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खिळा, लगेच ठोकू नका. तो कडक पोलादाचा असतो; आत तुटला तर साध्या ड्रिलनं निघत नाही आणि पाच मिनिटांचं काम लेथवाल्याकडं जातं. बोल्टचा मध्य अचूक पंच करा, ३ मिलिमीटरचं, मग ४ चं, शेवटी ५ मिलिमीटरचं ड्रिल मारा. ६ च्या बोल्टमध्ये ५ चं भोक मधोमध बसलं तर आट्यांची पातळ साल उरते, ती टोकदार पोगरानं उचलून निघते. भोक बाजूला सरकलं तर ॲल्युमिनियम मऊ असल्यानं ड्रिल तिकडंच पळतं, म्हणून मध्य साधायला दहा मिनिटं जास्त द्या. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. ६ च्या बोल्टला त्याचं ड्रिल ६.३ मिलिमीटरचं लागतं. ती गुंडाळीही स्टेनलेसचीच असते, तिलाही पुढं सांगितलेली पेस्ट लावूनच बसवायचं.

गिअरकेस, म्हणजे गिअर आणि प्रोपेलर असलेला खालचा भाग, खाली येत नाही म्हणून फटीत पटाशी ठोकण्याआधी ट्रिम टॅब, म्हणजे प्रोपेलरच्या वरचा छोटा पंख, काढून बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये एक बोल्ट त्याच्या खाली लपलेला असतो. पटाशी ठोकून फुटलेल्या गिअरकेसचा दोष गंजावर जातो, पण कारण हा विसरलेला बोल्ट असतो.

कॉस्टिकपासून दूर राहा

डिझेल इंजिनचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये ब्लॉक आणि हेड कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात उकळायची पद्धत आहे. ओतीव लोखंडासाठी ती उत्तम. आउटबोर्डचा एकही ॲल्युमिनियम भाग त्या टाकीत जाता कामा नये. कॉस्टिक ॲल्युमिनियमला सरळ विरघळवतं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. भाग अर्ध्या तासात काळा पडतो, कडा पातळ होतात, बेअरिंगची बैठक सैल होते. भाग रिकंडिशनिंगवाल्याकडं दिला तर ‘हे ॲल्युमिनियम आहे, कॉस्टिक नको’ असं त्यावर लिहून द्या. संडास साफ करायचं ॲसिडही नको. त्यात क्लोराइड असतं, म्हणजे मीठ काढायला बसून नवं मीठ भरायचं.

जुना रंग पेंट रिमूव्हरनं काढा, मोकळ्या हवेत, रबरी हातमोजे घालून. उरलेला नायलॉन पॅडनं किंवा स्टेनलेस ब्रशनं. साधा लोखंडी तारेचा ब्रश वापरला तर त्याचे बारीक कण ॲल्युमिनियमात रुततात आणि पुढं प्रत्येक कण एकेक डाग होतो. ब्लास्टिंग करायचं असेल तर काचेच्या मण्यांचं करा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करा. स्टील ग्रिट नको. सील बसणाऱ्या जागा, बेअरिंगच्या बैठका आणि आटे बुचं लावून झाका.

मीठ खरंच गेलं का, ते मोजून बघा

पाण्याच्या वाटांमध्ये दोन गोष्टी साचतात: समुद्राचं मीठ, आणि मोटर इकडं काही दिवस चालवली असेल तर आपल्या जड पाण्याचा चुना. चुन्याच्या थराखाली मीठ कोंडून राहतं, म्हणून आधी चुना काढा. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घाला आणि भाग अर्धा तास ठेवा. फसफसणं थांबलं की बाहेर काढा. रात्रभर ठेवू नका; हे आम्ल सौम्य असलं तरी चुना संपल्यावर ॲल्युमिनियमलाच लागतं. लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नंतर लिटरला १० ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळा. जुने ॲनोड हे सगळं करण्याआधी काढलेले असावेत.

शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यानं करू नका. आपल्या बोअरमध्ये क्षार एवढे असतात की वाळल्यावर भागावर पांढरा पापुद्रा दिसतो. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा २० लिटरचा आरओ जार घ्या.

मग ही चाचणी करा. प्लास्टिकच्या टबात आरओचं पाणी भरा, टीडीएस मीटरनं, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरनं, आकडा घ्या आणि वहीत लिहा. समजा ५० आला. सिलिंडर ब्लॉक किंवा गिअरकेस त्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाणी ढवळून परत मोजा. २०० किंवा ३०० दिसला तर फटींमधून अजून क्षार निघताहेत. पाणी बदला, परत ठेवा. वाढ २०-२५ च्या आत आली की पुढं जा. समुद्रात बरीच वर्षं चाललेल्या ब्लॉकला तीन-चार रात्री सहज लागतात, आणि चार जार पाण्याचा खर्च रंगाच्या एका डब्याहून कमी आहे. डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या भागातून दुसऱ्या रात्री किती क्षार निघतात, हे मीटरवर पाहिल्यावर ही पायरी कुणी गाळत नाही.

क्रॅंकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, गिअर हे पोलादी भाग या पाण्यात घालायचे नाहीत. ते रॉकेल किंवा डिझेलनं धुवून, वाळवून लगेच टू-स्ट्रोक ऑइलमध्ये भिजवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. उघड्या हातानं धरलेल्या बेअरिंगवर घामातल्या मिठानं बोटांचे ठसे गंजून उमटतात. पातळ हातमोजे घाला.

खड्डे आणि सपाटी

बाहेरच्या अंगावरचे खड्डे ॲल्युमिनियम मिसळलेल्या दोन-भागी इपॉक्सी पुट्टीनं भरा. गाडीच्या डेंटिंगची पुट्टी नको, ती पाणी शोषते आणि वर्षभरात सुटते. हेडच्या पॅकिंगखालचा, पाण्याच्या भोकाशेजारचा खड्डा पुट्टीनं भरून भागत नाही. तिथं आर्गन वेल्डिंग आणि नंतर सरफेसिंग. हेड किती वाकलंय ते सरळ पट्टी आणि फीलर गेजनं बघा, ०.१ मिलिमीटरची पात पट्टीखालून गेली तर सरफेस करायला हवं. थोडंसंच असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवून, तेल टाकून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हलक्या हातानं घासता येतं.

रंग

खेड्यापाड्यात धातू म्हटलं की रेड ऑक्साइड. लोखंडी दरवाजाला ठीक. ॲल्युमिनियमवर तो धरत नाही, एका पावसाळ्यात कातडीसारखा निघतो. ॲल्युमिनियमसाठी दोन वाटा आहेत: गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मिळणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा आम्लयुक्त प्रायमर, आणि त्यावर पुढचे थर, किंवा ॲल्युमिनियमवर चालतो असं डब्यावर लिहिलेला दोन-भागी इपॉक्सी प्रायमर थेट. दोन्ही एकावर एक मारायचे तर डब्यावर तशी परवानगी आहे का ते वाचा, कारण काही इपॉक्सी आम्लयुक्त प्रायमरवर नीट घट्ट होत नाहीत.

१२० नंबरच्या पेपरनं घासा, मग २२०. धारदार कडा किंचित गोल करा. ओला रंग टोकावरून मागं सरकतो आणि कडेवर थर सगळ्यात पातळ राहतो, गंजाची सुरुवात तिथूनच होते. शेवटचं घासणं आणि प्रायमर यांत चार तासांहून जास्त जाऊ देऊ नका, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर परत चढतो. थिनरनं पुसल्यावर भागाला हात नाही. प्रायमरचे दोन थर, वर दोन-भागी पीयूचे (पॉलीयुरेथेन रंगाचे) दोन ते तीन.

हवामान इथं फार ठरवतं. एप्रिल-मेच्या दुपारी ४० अंशांत फवारा भागावर पोचेपर्यंत अर्धा वाळतो, पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि त्यातून पाणी झिरपतं. वर काळ्या मातीची धूळ. सकाळी साडेसातच्या आत काम उरका, जमिनीवर आधी पाणी शिंपडा. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडूच नका. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला रुमाल किंवा कापडी मास्क अडवत नाही, सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज मास्क लागतोच.

ॲनोडची बैठक, अर्थिंगच्या वायरी बसतात त्या जागा, पॅकिंगचे पृष्ठभाग आणि प्रोपेलर शाफ्ट टेपनं झाकून ठेवा. यांवर रंग गेला तर पुढचं सगळं फसतं.

जोडताना

प्रत्येक स्टेनलेस बोल्टचे आटे, मानेचा भाग आणि वॉशरखालची जागा टेफ-जेलसारख्या, धातू वेगळे ठेवणाऱ्या पेस्टनं माखा. ती नसेल तर चांगलं वॉटरप्रूफ मरीन ग्रीस. तांब्याचं अँटी-सीझ किंवा ग्रॅफाइटचं ग्रीस इथं वापरू नका. गाडीच्या कामात ती चांगली, पण तांबं आणि ग्रॅफाइट दोन्ही ॲल्युमिनियमला स्टेनलेसपेक्षा जास्त झिजवतात. पेस्ट लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या बोल्टचा असेल तर साधारण २० टक्के कमी ठेवा. बाहेरच्या ब्रॅकेटखाली जिथं जागा आहे तिथं नायलॉनचं वॉशर घाला.

मात्र गिअरकेस, मधला भाग आणि ब्रॅकेट यांना जोडणाऱ्या छोट्या वायरी परत लावल्याच पाहिजेत. रंग आणि पेस्ट यांमुळं हे भाग एकमेकांपासून तुटतात आणि ॲनोड फक्त स्वतःच्या तुकड्यापुरता उरतो. ‘कशाला हव्यात’ म्हणून त्या काढून टाकलेल्या मोटरी दुरुस्तीला येतात, तेव्हा ॲनोड कोरा असतो आणि ब्रॅकेट पोखरलेलं.

ॲनोड: समुद्राचा इथं चालत नाही

घरातल्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो झिजतो म्हणून टाकी वाचते. मोटरीचा ॲनोड तेच करतो. किनाऱ्यावरून आलेल्या मोटरीला बहुधा जस्ताचा असतो. गोड्या पाण्यात जस्तावर ऑक्साइडचं कवच चढतं आणि तो काम करायचं थांबवतो. अशा ॲनोडकडं बघून माणूस खूश होतो, ‘अजून नवाच आहे’. खरं तर तो झोपलेला आहे. नाथसागर, येलदरी, विष्णुपुरी, माजलगाव अशा गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचा घ्या. हीच मोटर पुन्हा समुद्रात नेणार असाल तर मॅग्नेशियम आधी काढा, तिथं तो फार लवकर संपतो. खाऱ्या पाण्याला ॲल्युमिनियम मिश्रधातूचा योग्य.

बैठक चकचकीत घासून बसवा. मग मल्टिमीटरचं एक टोक ॲनोडवर, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवा. १ ओहमच्या खाली, जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. जास्त दिसलं तर कुठंतरी रंग मध्ये आहे. ॲनोडला रंग कधीच लावायचा नाही. बऱ्याच मोटरींत सिलिंडर हेडच्या पाण्याच्या वाटेत छोटे ॲनोड लपलेले असतात, पार्ट्सच्या नकाशात शोधून तेही बदला. निम्मा झिजला की नवा.

गिअरकेसचं पाणी

खालचा स्क्रू काढल्यावर ऑइल ताकासारखं निघालं तर पाणी आत गेलंय. प्रोपेलर काढून शाफ्टभोवती बघा. धरणात हरवलेल्या जाळ्याची तंगूस तिथं गुंडाळून सील कापते, हे फार वेळा दिसतं. सगळे ऑइल सील, ओ-रिंग आणि ऑइलच्या स्क्रूंची वॉशर नवी घाला. सील बसण्याच्या जागी शाफ्टला नखाला लागेल एवढी चरी असेल तर नवं सीलही गळेल.

ऑइल भरण्याआधी हातपंप आणि गेजनं १० पीएसआय हवा भरून पाच मिनिटं थांबा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. कॉम्प्रेसर थेट लावू नका, चांगलं सील उलटतं. ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. वरचा स्क्रू आधी बंद करा, मग खालचा. वॉटर पंपाचं रबरी इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, चांगलं दिसलं तरी नवंच टाका.

पेट्रोल आणि आठ महिन्यांचा मुक्काम

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं. पाणी वाढलं की इथेनॉल-पाण्याचा थर टाकीच्या आणि कार्ब्युरेटरच्या तळाशी वेगळा होतो आणि तिथलं ॲल्युमिनियम, जस्त खातो. जुन्या नळ्या आणि पॅकिंग इथेनॉलला टिकणारी घाला. बचावाची बोट ऑक्टोबरपासून जूनपर्यंत उभीच असते, तेव्हा ठेवताना नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा, मग बाउलचा स्क्रू उघडून उरलेलं सांडा. स्पार्क प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घालून फ्लायव्हील हातानं चार वेळा फिरवा.

मोटर उभीच ठेवा. आडवी करायची वेळ आली तर खालचं टोक इंजिनापेक्षा वर जाऊ देऊ नका, उरलेलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरतं. गिअरकेसवरचा गाळ त्याच दिवशी धुवा. काळी माती वाळलेली दिसली तरी आत ओल धरून बसते.

पहिली चाचणी २०० लिटरच्या ड्रममध्ये, उघड्यावर, प्रोपेलर काढून घ्या. पाण्याची पातळी वॉटर पंपाच्या वर हवी. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची बारीक धार अर्ध्या मिनिटात आली नाही तर बंद करा. पाण्यात उतरवल्यावर महिन्याभरानं ॲनोड बघा, त्यावर खरखरीत झीज दिसली पाहिजे. अजिबात दिसली नाही तर मल्टिमीटर परत लावा. सप्टेंबरमध्ये बोल्टांच्या डोक्यांभोवती रंगावरून बोट फिरवा. फुगवटा लागला तर त्याच आठवड्यात तेवढा भाग धातूपर्यंत उघडा करा, आरओच्या पाण्यानं दोनदा धुवून वाळवा आणि प्रायमर लावा.